नटावरचा चुना

बाबा, पोरगी गाडी घेऊन गेली आहे आणि मला घरात बसवत नाही. चहा मांडला, तो उतू गेला. शेंगा सोलायला घेतल्या, तर दाणे टरफलांत आणि टरफलं टोपलीत पडायला लागली. फाटकापर्यंत जाऊन आले, परत गेले, परत आले. शेजारची म्हातारी म्हणाली, "काय वं, पायाले भिंगरी लागली काय आज?" शेवटी हे कागद घेऊन ओट्यावर बसले. तुम्हाला मी कधी काही लिहिलं नाही. तुम्ही होता तेव्हा लिहायचं कारण नव्हतं, आणि तुम्हाला वाचताही येत नव्हतं. आता तुम्हीच नाही, तेव्हा ती अडचण उरली नाही.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, "मधातूनच कायले सुरू करतं वं, कुठी काय बिघडलं ते सांग आधी." पोरगी म्हणजे माझी मुलगी, तुमची नात. तुम्ही गेलात तेव्हा ती माझ्या पोटातही नव्हती. ती आता मानोऱ्याच्या पलीकडे एका उपकेंद्रावर नर्स आहे. तांड्यातांड्यांत फिरते, लेकरांना डोस देते, बाळंतिणी तपासते. तिकडे जायला सकाळी एक एसटी, ती चुकली की दिवस गेला. म्हणून ती तिच्या बापाची गाडी नेते. तिचे वडील, तुमचे जावई, तेही आता नाहीत. तिकडे तुमची भेट झाली असेल तर तुम्हाला ठाऊकच असेल. नसेल झाली तर सांगते, छातीत दुखायचं निमित्त झालं, वाशिमला पोचेपर्यंतही राहिले नाहीत. त्यांच्याशिवायची ही तिसरी दिवाळी झाली. माझं काही अडत नाही. जेवते, झोपते, वाचनालयाची पुस्तकं आणते, वाचते. फक्त संध्याकाळी फाटकाशी गाडीचा आवाज आला की हात आधी पदराकडे जातो, आणि मग आठवतं, पोरगी आली.

गाडी त्यांनी जुनीच घेतली होती. कधीकाळी पांढरी असावी, आता सायीच्या रंगाची आहे. गेल्या काही दिवसांपासून वळण घेताना स्टेअरिंगमध्ये खट्ट असा आवाज यायला लागला होता. पोरगी म्हणाली, "आई, चाक फिरवलं का गाडी जरा इचार करते अन् मंग वळते." मी तिच्या शेजारी बसून नाल्याच्या पुलापर्यंत जाऊन आले. तो आवाज मला पायातून कळला. तुमच्या शेडमध्ये असे आवाज मी किती ऐकले असतील. स्टेअरिंगच्या चकतीतून पायाशी उतरणारा जो दांडा असतो, ज्याला सगळे कॉलम म्हणतात, त्याचा खालचा सांधा झिजला होता. मानोऱ्याच्या मेकॅनिकनंही तेच सांगितलं. भला माणूस आहे. म्हणाला, "काकू, याचा नवा कॉलम आता भेटत नाई. भंगारात चांगला सापडला तं आणा, बसवून देतो. पण माह्याकडे मळणीयंत्रं अन् ट्रॅक्टर रांगेत उभे हायेत. आठ-दहा दिवस थांबा." कॉलम वाशिमला भंगारात सापडला. चांगला निघाला, सांधा घट्ट, दाते शाबूत. पण आठ-दहा दिवस थांबायला वेळ नव्हता. आज सोमवारी तांड्यातल्या टोळ्या ऊसतोडीला निघणार होत्या. एकदा ट्रक हलले की ती लेकरं उन्हाळ्यापर्यंत हाती लागत नाहीत, त्यांचे डोस राहून जातात. ही पोरगी त्यासाठी आठवडाभर जीव टाकत होती. मी म्हटलं, रविवारी आपण घरीच बसवू.

"आपण म्हणजे कोण?"

"मी अन् तू."

"आई, हे काय पापड लाटाचं काम हाये? स्टेरिंग हाये थे. हातात आलं तं सरळ नाल्यात."

"माह्या बापानं किती बसवले. मी बाजूले व्हतो."

"बाजूले तं बकरी बी राह्यत असन."

तुम्ही असता तर हसला असता. मलाही हसू आलं. पण ती मस्करीत म्हणाली तेवढं ते खोटंही नव्हतं. मी किती बाजूला होते आणि किती आत, हे मलाच नीट सांगता आलं नसतं. मधे एवढी वर्षं गेली. या हातांनी धुणी धुतली, निंदण केलं, पोरगी वाढवली, त्यांना शेवटची आंघोळ घातली. पान्याला हात लागला नव्हता.

काल सकाळी उन्हं अंगणात आल्यावर आम्ही सुरुवात केली. मला वाटलं होतं काही आठवणार नाही. पण बॅटरीची तार काढून बाजूला वाकवली, आणि पुढचं हाताला आपोआप आठवत गेलं. पुढची चाकं सरळ करून मागेपुढे दगड लावले. हॉर्नचं झाकण काढलं, मधला नट सोडला, चकती ओढून काढली. चकती त्यांचीच ठेवली. तिच्यावर त्यांनी चढवलेलं रेक्झिनचं कव्हर आहे, डाव्या अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालेलं. पोरगी म्हणाली, "आता काढलंच हाये तं नवं कव्हर टाकू काय?" मी म्हटलं, राहू दे. ती दुसरीकडे बघायला लागली. मग मी सीटवर उलटी पडून, डोकं खाली पायांच्या जागी घालून, डॅशखालचे बोल्ट सोडत होते आणि ती माझे पाय धरून उभी होती. रस्त्यानं जाणारे थांबून बघत होते. एक जण म्हणाला, "वहिनी, काही हरवलं काय?" पोरगी म्हणाली, "हो ना, मेकॅनिक हरवला."

जुना कॉलम निघाला. नवा आत सरकवला. आणि मग ती जागा आली.

तुम्हाला ती जागा सांगायची गरज नाही, पण मला लिहायची आहे. दांडा खाली सांध्याच्या गळ्यात उतरतो, आणि आडवा एक बोल्ट त्याला तिथं धरून ठेवतो. दांडा पूर्ण उतरला असेल तर बोल्ट त्याच्या खाचेत बसतो, आणि मग काहीही झालं तरी दांडा वर येत नाही. पण दांडा जरा वरच राहिला, तरी बोल्ट त्याच्या खालून आरपार जातो. नटही कसला जातो. वरून पाहणाऱ्याला काम चोख दिसतं. गाडी चालते, महिना चालते, आणि एक दिवस वळणावर चकती हातात राहते आणि चाकं आपल्या वाटेनं जातात. म्हणून दांड्याचं टोक बोल्टच्या खाली उतरलं आहे का, हे खालून बोट घालून चाचपावं लागतं. डोळ्याला ती जागा दिसत नाही. मोठ्या माणसाचा हात तिथं जात नाही.

माझा जायचा. अनसिंगच्या नाक्यावर तुमची ती पत्र्याची शेड, बाहेर टायरांची चळत, आत रॉकेलचा वास. शाळा सातवीला सुटली होती आणि मी दिवसभर तिथंच असायची. जीपखालून तुमची हाक यायची, "ये वं, हात घाल." मी आडवी पडून मनगटापर्यंत हात आत सरकवायची. ग्रीस, गरम लोखंड, आणि मग बोटाच्या टोकाला ते टोक. तुम्ही विचारायचा, "हाये काय?" एकदा मी म्हटलं होतं, "असन." तुम्ही जीपखालून बाहेर आलात, मला समोर उभं केलंत. मारलं नाहीत. म्हणालात, "असन म्हणू नको. हाये म्हन, नाईतं नाई म्हन. असनवर मानसं बसत नाईत." त्या दिवसापासून मी कधी 'असेल' म्हटलं नाही. पोरीच्या वडिलांनी मला पहिल्यांदा विचारलं होतं, तुला हे स्थळ पसंत आहे का, तेव्हाही मी "आहे" म्हटलं होतं. ते दचकले होते.

मी "हाये" म्हटलं की तुम्ही नट कसायचा. मग तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन नटावरून बोल्टवर, बोल्टवरून लोखंडावर अशी एक रेघ ओढायचा. वाळली की पांढरी कडक. "चुना लागला का नटाले हात लावाचा नाई. रेघ जुळून हाये तवरोक काम पक्कं. तुटली तं गाडी हालवाची नाई." गावात चुना लावणं म्हणजे फसवणं, पण तुमच्या शेडवर त्याचा अर्थ बरोबर उलटा होता. नाक्यावरचे ड्रायव्हर तुमचा चुना बघूनच गाडी न्यायचे.

आई चिडायची. चुलीपुढे बसून राखेनं माझी बोटं घासायची आणि तुम्हाला ऐकवायची, "उद्या हिले पाह्याले येतीन लोकं अन् नखात ग्रीस दिसन. काय सांगान, पोरगी भाकरी नाई, जीप जेवते म्हनून?" तुम्ही भाकरी मोडत म्हणायचा, "सांगीन, हिच्या बोटाले डोळा हाये." त्यावर आई आणखी घासायची.

आणि ती रद्दी. हात पुसायला तुम्ही किलोनं रद्दी आणायचा, आणि मी गठ्ठ्यातली पानं ओढून वाचत बसायची. मला वाटायचं तुमचं लक्ष नाही. मग एक दिवस पाहिलं तर तुम्ही गठ्ठ्याचे दोन भाग करत होता. चित्रांची, जाहिरातींची पानं हात पुसायला, आणि गच्च अक्षरांची पानं खोक्यात माझ्यासाठी. तुम्हाला वाटायचं, जिथं अक्षरं दाट तिथं गोष्ट. त्यामुळे गोष्टींबरोबर मी लिलावाच्या नोटिसा वाचल्या, निवडणुकांचे निकाल वाचले, एका सहकारी संस्थेचा अख्खा अहवाल वाचला. अक्षरं शाळेत आली, पण वाचायला मी तशीच शिकले, बाबा. आज वाचनालयातली बाई म्हणते, काकू, तुम्हाला काहीही चालतं. मला काहीही चालतं ते त्या खोक्यामुळे.

फोन वाजला आत्ता. धावत गेले. कोणीतरी थ्रेशरवाल्याला विचारत होता. चुकीचा नंबर.

काल त्या जागेशी आले आणि मी सवयीनं हात घातला. तो मनगटाच्या अलीकडेच अडला. सांधे सुजतात आता माझे, बोटं जाड झाली आहेत. वळवून पाहिला, कातडी सोलली, पण हात जाईना. पोरगी म्हणाली, "थांब, मोबाइलनं फोटो काढतो." मोबाइल आत जाईना, आणि बाहेरून काढला तर नुसतं काळं आलं. मग मी तिला म्हटलं, "तू हात घाल."

तिचा हात माझ्यासारखा आहे. तुमच्यासारखा नाही, त्यांच्यासारखा नाही, माझाच आहे, माझ्या तेव्हाच्या मापाचा. ती आडवी झाली, गेला आत. मी वरून विचारत होते आणि माझा आवाज मला तुमचा वाटत होता.

"बोल्ट लागला?"

"लागला."

"त्याच्या खाली जाय. टोक लागते काय?"

तिनं मनगट आत वळवलं. मग म्हणाली, "हो. लागते. गोल हाये, मधात बारीक खड्डा हाये."

"हाये ना? नक्की?"

"आई, हाये."

मी नट कसला. शेजारच्या म्हातारीकडून पानाचा चुना आणला आणि रेघ ओढली. पोरीला सगळं समजावलं, रोज निघायच्या आधी टॉर्च मारून ही रेघ बघायची, तुटली असेल तर गाडी हलवायची नाही. ती म्हणाली, "म्हंजे आजोबानं तुले चुना लावला, अन् आता तू मले." आम्ही दोघी खूप हसलो. अंगणात गाडी मागेपुढे केली. खट्ट गेलं होतं. चक्कर मारून आलो, चाक पाण्यासारखं फिरत होतं. तिनं मला दोन्ही खांद्यांना धरून हलवलं. त्यांच्यानंतर या घरात तसं हसणं झालं नव्हतं.

आणि आज सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा मी पाना घेऊन गाडीत शिरले.

का, ते मला सांगता येत नाही. उठल्यापासून एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. ती 'हाये' म्हणाली, पण तिला काय माहीत टोक कसं लागतं? तिनं आयुष्यात पहिल्यांदा बोट घातलं. तिला सांध्याची कड लागली असेल आणि तिला ते टोक वाटलं असेल तर? हात न घालता तपासायचा एक मार्ग मला सुचला. नट ढिला करून दांडा वर ओढून पाहायचा. खाचेत बोल्ट असेल तर तो हलणार नाही. मी नट ढिला केला. पांढरी रेघ कटकन तुटली. चकती छातीशी धरून जीव खाऊन ओढलं. दांडा जरासुद्धा हलला नाही. पोरीचं बोट बरोबर होतं. नट परत कसला, दोनदा दाब देऊन कसला. चुना लावायचा तेवढ्यात राहिला, कारण ती केस पुसत बाहेर आली आणि मी पाना पदराखाली घेऊन चुलीकडे गेले.

मला वाटलं ती घाईत आहे, बघणार नाही. पण ती माझी पोरगी आहे. डोसांचा डबा सीटवर ठेवला आणि मी शिकवल्याप्रमाणे मोबाइलचा टॉर्च मारून खाली वाकली.

"आई! आई, इकडे ये! चुना तुटला. नट आपोआप ढिला झाला वाटते."

तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी खोटं बोलू शकत नव्हते. खोटं बोलले असते तर ती गाडी सोडून पायी निघाली असती, आणि ट्रक गेले असते.

"मी खोलला व्हता," मी म्हटलं. "आत्ता. पाहून घेतलं. पक्कं हाये, बरोबर बसलं हाये."

"काय पाहून घेतलं?"

"दांडा बसला काय थे."

ती सरळ उभी राहिली. "थे तं मी काल सांगतलं व्हतं. हाये म्हणून."

"हो, पण."

"पण काय? माह्या बोटावर भरोसा नव्हता तं मले हात कायले घालाले लावला? चुना कायले लावला? मी दिवसभर लोकायच्या लेकरायले सुया टोचतो, थ्या मायबाया डोळे मिटून माह्या हातात लेकरू देतात. अन् माही माय पदराखाली पाना लपवते."

मी म्हटलं, "काळजीनं खोलला वं बाई." ती म्हणाली, "काळजी नाई थे," आणि पुढं काय ते बोलली नाही. गाडीत बसली. मी खिडकीशी गेले, म्हटलं, पोचली की फोन कर. तिनं काच वर घेतली. फाटकातून अशी जोरात काढली की कोंबड्या फडफडत कुंपणावर गेल्या. पुढच्या वळणावर गाडी वळली, ते मात्र मी पाहिलं. छान वळली.

आणि ती गेल्यावर मला नवीनच भीती लागली. मी नट परत कसला, पण पुरा कसला का? घाई होती, ती बाहेर येत होती. दोनदा दाब दिला हे मला आठवतं, पण ते कालचं आठवतं का आजचं? काल काम पक्कं झालं होतं. मी ते उघडून पाहिलं म्हणून आता मला ते पक्कं वाटत नाही. सकाळपासून मी मनातल्या मनात तो नट कसते आहे. दर वेळी पाना शेवटी जरासा फिरतोच.

दुपारी मागच्या आळीतले एक दादा मानोऱ्याच्या बाजूनं मोटारसायकलवर आले. मी फाटकातच उभी होते.

"वहिनी, तुमची पोरगी दिसली ना तांड्यावर. ट्रकाच्या पुढे उभी व्हती. मुकादम म्हणे आमाले उशीर व्हते, तं ही म्हणे लेकरायचे डोस झाल्याबिगर ट्रक हालनार नाई, माह्या अंगावरून ने. लय तिखट हाये बा."

"अन् गाडी?"

"गाडी व्हती ना बाभळीखाली उभी. काहून?"

"काही नाही. चहा घेता काय?"

"नाही, जातो," म्हणत ते गेले. पोचली म्हणजे. नट टिकला. मला वाटलं होतं, हे कळलं की माझी तगमग थांबेल. शेंगांची टोपली पुढ्यात ओढली आणि बसले. पण थांबली नाही, बाबा. तेव्हा कळलं की सकाळपासून मी नुसत्या नटासाठी फिरत नव्हते.

मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची होती, त्यासाठीच हे कागद घेतले. मी "हाये" म्हणायची आणि तुम्ही चुना लावायचा. पण मी घरी गेल्यावर, मी झोपल्यावर, तुम्ही ते नट उघडून पाहायचा का? माझ्या बोटावर तुमचा खरंच भरोसा होता, का पोरीचं मन राखायला तुम्ही तेवढं करायचा आणि मागाहून आपलं तपासून घ्यायचा? तुम्ही तपासत असता तर मी आज जे केलं ते तुमच्यासारखंच केलं, असं मला म्हणता आलं असतं. तेवढाच आधार मला पाहिजे होता.

पण लिहिता लिहिता ती वऱ्हाडाची जीप आठवली. तिचा कॉलम तुम्ही बदलला होता. लग्नाची घाई, मालक दारात उभा, वऱ्हाड नाक्यावर ताटकळलेलं. मी हात काढला आणि "हाये" म्हटलं. मालकानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "मिस्त्री, एवढुशा पोरीच्या बोटावर सारं वऱ्हाड बसवू काय मी?" तुम्ही नट कसला, चुन्याची रेघ ओढली आणि म्हणालात, "मी बसवून राह्यलो ना." जीप तिथूनच निघाली, बायका गाणी म्हणत गेल्या. म्हणजे तुम्हाला उघडून पाहायला वेळच नव्हता. जीप माझ्या डोळ्यांदेखत गेली तेव्हा रेघ ओलीच होती. तुम्ही नाही पाहिलंत.

आणि त्याच दिवसाचं दुसरंही आठवतं, ज्याच्याकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या दुपारी तुम्ही जेवायला घरी आला नाहीत. आईनं मला डबा घेऊन पाठवलं. तुम्ही शेडच्या बाहेर टायरावर बसला होता, काम पडलेलं, नजर रस्त्यावर. डबा तसाच ठेवलात. मी विचारलं, कोणाची वाट पाहता? तुम्ही म्हणालात, "वऱ्हाड येताना बुंदी आणन." मला ते खरं वाटलं. मी पण तुमच्या बाजूला टायरावर बसले, बुंदीची वाट बघत, पाय हलवत. दिवेलागणीला जीप परत आली. मालकानं खरंच कागदात बांधून बुंदी दिली. मी खाल्ली, तुम्ही नुसती बघत होता. मग तुम्ही उठलात, डबा उघडला आणि थंड भाकरी अशी खाल्लीत की मला हसू आलं होतं.

तुम्ही दिवसभर हेच करत होता ना? जे मी आज ओट्यावर बसून करते आहे. फक्त तुम्ही पाना न लावता केलंत, आणि मला कधी कळू दिलं नाहीत. सकाळी पोरगी म्हणाली "काळजी नाई थे" आणि थांबली. तिला पुढं काय म्हणायचं होतं ते आता मला कळतं आहे, पण लिहावंसं वाटत नाही.

ऊन उतरलं. तुरीवरून वारा येतो आहे, कोंबड्या कुंपणावरून परत आल्या. तिला निघायला अजून अवकाश आहे. ट्रक गेले असतील, आता ती उपकेंद्रावर रजिस्टर भरत बसली असेल. हे कागद मी घडी करून तांदळाच्या डब्याखाली ठेवीन. पोस्टात टाकायचे तर पत्ता कुठला, ती शेड कधीच गेली. आणि एक सांगायचं राहिलं. सकाळपासून तिचा फोन आला नाही असं मी धरून बसले आहे, पण मीही तिला केलेला नाही. एकदाही नाही. चुकीचा नंबर आला तेव्हा फोन हातातच होता. तिचा नंबर मला पाठ आहे. ती उचलेल, आणि मग मला "चुकलं माह्यं" म्हणावं लागेल, आणि ते शब्द मला येतील का, हे मला माहीत नव्हतं. ते आधी तुम्हाला लिहून पाहिले ते एवढ्यासाठी, की तुम्ही फोन उचलणार नव्हता.